घरजावई हसला

त्या दुपारी माझा जावई हसला, आणि तेव्हापासून माझ्या घशाखाली धड घास उतरत नाही. हसला म्हणजे खो खो नव्हे. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता नाकातून एक फुसकन आवाज, आणि मग वरचे दात दिसतील एवढंच. पण शौली आमच्या घरात आला त्याला आता सात वर्षं होतील, आणि एवढ्या काळात मी त्याचे दात पाहिले नव्हते. लग्नाच्या फोटोतसुद्धा ओठ मिटलेले आहेत. नवरदेवाची दाढ दुखतेय का बघा रे, असं मी तेव्हा फोटोवाल्याला सगळ्यांदेखत म्हणालेही होते. मी गॅलरीत उन्हात पाय सोडून बसले होते, मांडीवर फोन, फोनवर माझी मालिका. मिनिट-दीड मिनिटाचे तुकडे असतात, उभ्या चौकटीत, एक संपला की बोटानं वर सरकवायचं. त्यात तो घरजावई आहे ना, केरसुणी घेऊन फिरणारा, ज्याला सगळे नेभळट म्हणतात आणि जो खरं तर नऊ शिखरांच्या आखाड्याचा गुरू आहे, त्याची सासू नेमकी तेव्हा वाडगा आपटत होती. “रस्सा गार आहे! तुला पोसायचं ते काय गार रस्सा प्यायला?” मी मनात म्हटलं, थांब भवाने, भरत आलेत तुझे दिवस. तेवढ्यात तेच वाक्य, त्याच आवाजात, एका श्वासाच्या अंतरानं स्वयंपाकघरातून आलं. मी फोनचा आवाज बंद केला. आतला चालूच राहिला. सोया सॉसच्या बाटलीला फोन टेकवून शौली तीच मालिका बघत होता, हात साबणात, आणि त्या वाक्यावर तो हसला. ते वाक्य माझं होतं. मालिकेतल्या बाईचं असेल, पण थोड्याच वेळापूर्वी जेवताना मी तेच म्हटलं होतं, बांबूच्या कोंबांचा रस्सा गार झाला होता म्हणून. शब्द जरा इकडचे तिकडे. ऊन पायांवर तसंच होतं आणि माझे पाय मात्र गारठले.

आता कुणी म्हणेल, म्हातारे, एवढ्याशा हसण्याला काय घाबरतेस? असं म्हणणाऱ्यांनी या मालिका पाहिलेल्या नसतात. मी पाहते. आमच्या इमारतीतल्या सगळ्याच बाया पाहतात, पण त्या पाहतात वेळ जावा म्हणून, आणि मी पाहते ते माझ्या बापासाठी. माझ्या बापाला मुलगा नव्हता. आमचं गाव होतं तेव्हाची गोष्ट, छ्यानथांग नदीच्या बांधाशी, आता तिथे या इमारती आहेत. लग्नाच्या पंगतीत बापाला कायम दाराजवळचं मेज मिळायचं, जिथे वाढपी जाता-येता कोपरं मारतात. एकदा चुलत्यानं माशाचं शेपूट उचलून त्याच्या वाडग्यात टाकलं. म्हणाला, “डोकं ज्याच्या घरी मुलगा त्याला. तू शेपूट खा, तुझं तेवढंच उरलंय.” बाप हसला आणि त्यानं ते शेपूट काटे चोखून खाल्लं. मी त्याच्या पाठीशी उभी होते, मुठी अशा आवळल्या होत्या की तळहातात नखं रुतली. मी वाट बघत होते. बाप उठेल, सदरा काढेल, आणि कळेल सगळ्यांना की हा कोण आहे. तो कोणीच नव्हता. मुळे वाळवायचा आणि विकायचा. म्हणून केरसुणीवाला जावई मान खाली घालून शिव्या खातो तेव्हा मला रडू येत नाही, मला मजा येते. सोस लेका, म्हणते मी, अजून थोडं सोस, जितकं सोसशील तितकं पुढे गोड लागेल. मग केव्हातरी त्याचा हात वर जातो, आणि हात वर गेला की तुकडा संपतो. दर वेळी. फटका पुढच्या तुकड्यात पडतो, आणि फटका पडला की माझ्या छातीतला त्या शेपटाचा एक काटा निघून जातो, खरंच सांगते. इतके दिवस मी त्या केरसुणीवाल्याच्या बाजूनं बसले होते. त्या दुपारी पहिल्यांदा डोक्यात आलं की आमच्या घरात केरसुणी कुणाच्या हातात आहे.

आणि एकदा आलं ते जाईना. संध्याकाळी शौली भाजी चिरायला बसला. तो मोठा चौकोनी सुरा त्याच्या हातात असा फिरत होता, टक टक टक टक, मुळ्याच्या चकत्या कागदासारख्या, आणि त्याचं लक्ष सुऱ्याकडे नव्हतंच, खिडकीबाहेर होतं. न बघता! मी दारातून म्हटलं, “बोट कापशील.” तो म्हणाला, “नाही कापणार, आई.” एवढंच. आवाज खाली, मान खाली. नेहमी असाच बोलतो तो, पण आता मला ते ‘नाही कापणार’ वेगळंच ऐकू आलं. त्याच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे आहेत. गोदामात खोकी उचलतो, त्याचे असतील. मालिकेतला तोही पहिल्या भागात खोकीच उचलतो.

मी यीनानला विचारलं. यीनान माझी एकुलती मुलगी, आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सहावा सरत आलाय, सोफ्यावर आडवी होऊन सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. मी म्हटलं, “शौली लहानपणी काही शिकला होता का गं? म्हणजे लाठी, मुष्टी, असलं काही? त्याच्या आनह्वेइकडच्या डोंगरात मठबिठ आहेत म्हणे.”

ती इतकी हसली की बी घशात अडकली. “शौली? आई, त्याला डास मारता येत नाही. झुरळ दिसलं तर तो मला हाक मारतो.”

“कधी रागावत नाही तुझ्यावर?”

“तो कुणावरच रागावत नाही. का गं? काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं. पण असंच तर असतं. पहिल्या भागात सगळे हेच म्हणतात, बायकोसुद्धा. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालं होतं. पोरीच्या हसण्यानं जीव निवायचा तो उलट टांगणीला लागला.

माझा नवराही घरजावईच होता. बापानं आणलेला, जिआंग आडनावाचा, तोही पश्चिमेकडच्या डोंगरातला. आमच्याकडे मुलगा नसला की असंच करतात, जावई घरात येतो, पोरं आमचं आडनाव लावतात, आणि थडग्यावर उगवलेलं गवत उपटायला लौ घराण्याचं माणूस शिल्लक राहतं. जिआंग शेवटपर्यंत बुटक्या स्टुलावर बसून जेवला. कुणी बसवलं नव्हतं, तोच बसायचा. मुकी बिचारी कुणीही हाका, त्यातला. एका वर्षी कबरी झाडायच्या दिवसांत त्यानं बापाला विचारलं, गावी जाऊन येऊ का. बाप म्हणाला, इकडच्या कबरी कोण झाडणार मग? जिआंग गेला नाही. तिन्हीसांजेला तिठ्यावर मी त्याला पाहिलं. जमिनीवर चुन्यानं वर्तुळ काढून त्यात कागदी नोटा जाळत होता, आणि वर्तुळाला पश्चिमेच्या अंगाला एक फट ठेवली होती, पैसे आईबापाकडे जावेत म्हणून. सकाळी उठून मी ती राख झाडून टाकली, शेजारपाजार काय म्हणेल म्हणून. केरसुणी माझ्या हातात होती आणि तो दारात उभा राहून बघत होता. मी वर पाहिलं तर त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. तेव्हा नाही वाटली भीती, वय तसं होतं. तो गेला तेव्हा भिंतीकडे तोंड करून गेला. ती भिंत पश्चिमेची होती, पण खाटच तशी टाकलेली होती, त्याला मी काय करणार? आता मात्र मला ते बिनभावाचं तोंड आणि शौलीचं हसू एकाच वेळी दिसायला लागलं. वाटे, एकानं सोसलं आणि दुसऱ्याकडे सोपवून गेला. मालिकेत असंच असतं, गुरू मरताना शिष्याच्या छातीवर हात ठेवतो.

शौलीनं माझ्याकडे आजवर एकच गोष्ट मागितली आहे. या नववर्षाच्या जेवणात, सगळे जमलेले असताना. बहुतेक त्याला वाटलं असेल, चार माणसांत मागितलं तर मी नाही म्हणणार नाही. भोळाच म्हणायचा, नाहीतर पक्का. वाडगा खाली ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, “आई, थांगथांग लौ आहे ते चांगलंच आहे. पण हे दुसरं बाळ माझ्या आडनावाचं, पाओ झालं तर? माझ्या बाबांच्या कबरीला कुणी नाही.” थांगथांग, माझी नात, फुगा फुगवायची थांबली. खरं सांगायचं तर हो म्हणावं असं क्षणभर वाटलंही होतं, पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळे बघायला लागले की माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हटलं, “आधी रस्सा गरम करायला शीक, मग आडनावं वाटत फीर.” काय हशा पिकला! माझ्या चुलतभावाचा मुलगा च्येनपिंग, त्याच्या नाकातून दारू आली. आणि शौली उठला, रश्श्याचं भांडं उचललं, आत गेला आणि गरम करून घेऊन आला. सगळ्यांना वाढला. मला आधी. त्या दिवशी मी कडकडीत रस्सा प्याले आणि छान आहे म्हणाले. आज त्या घोटाची आठवण आली तरी जीभ पोळते.

आणि माझी साठी जवळ आली होती. मालिका पाहणाऱ्या कुणालाही विचारा, तो गुरू स्वतःला कुठे उघड करतो. सासूच्या साठीच्या जेवणात! ठरलेलंच असतं. लाल कापडाची मेजं, सगळे नातेवाईक, कुणीतरी त्याला दाराजवळ बसवतं, सासू त्याची भेट फेकून देते, आणि मग हात वर जातो. माझ्या मालिकेतही गोष्ट बरोब्बर तिथेच येऊन थांबली होती. जावयानं हात वर उचलला, सासूच्या डोळ्यांत तो हात दिसला, आणि तुकडा संपला. पुढचा आलेला नव्हता. मी दिवसातून कितीदा तरी फोन उघडून बघायचे. येऊ नये असंही वाटायचं आणि आला का तेही बघायचे. जेवण रद्द करावं असं दोनदा मनात आलं, पण हॉटेल ठरलं होतं, माणसं बोलावली होती, आणि काय सांगणार होते मी लोकांना? की जावई हसला?

त्याच्याशी गोड बोलून पाहिलं. तेही जमेना. “शौली, दमला असशील, बस जरा,” असं म्हटलं तर तो असा दचकला की मीच दचकले. फळं कापून त्याच्या पुढ्यात ठेवली तर यीनान म्हणाली, “आई, तुला बरं आहे ना?” मला मालिकेतल्या बाईचं आठवलं, तीही शेवटी शेवटी गोड बोलायला लागते, आणि तेव्हा बघणारे सगळे म्हणतात, आता बरी आलीस वठणीवर. मीही म्हणाले होते.

साठीच्या दिवशी सकाळी मला जाग आली ती आवाजानं. धप्प. मग थोडा वेळ काही नाही. मग धप्प. स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं होतं आणि आत कुणीतरी काहीतरी बडवत होतं, सगळ्या अंगाचा जोर लावून, मधेच एक लांब श्वास, पुन्हा धप्प. भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. मी पांघरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नावावरच्या घरात! बापाची आठवण झाली, पंगतीत त्याला असंच वाटत असेल का, पाठीमागे प्रत्येक कोपर, पुढे कुठलं येईल ठाऊक नाही. आवाज थांबला तेव्हा मी उठून बाहेर आले. शौली घामानं निथळत दारात उभा होता, बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत पांढरे. मागे कापड झाकलेलं काहीतरी.

मला काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम विचारलं, “पुढचा भाग आला?”

त्याला लगेच कळलं कुठला. “आला, आई. पहाटेच आला.”

“पाहिलास?”

“पाहिला.”

“मग? काय होतं?”

त्याच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला, की मलाच वाटलं. म्हणाला, “तुम्हीच बघा की.” आणि हात धुवायला गेला. फोन माझ्या खिशातच होता. मी तो बाहेर काढला नाही, जेवणाच्या हॉटेलात पोचेपर्यंत नाही, आणि आजवर नाही.

हॉटेलात भर दुपारी सगळं लाल होतं. मला मधोमध बसवलं, समोर पीचच्या आकाराच्या वाफाळत्या पावांची रास. च्येनपिंग माझ्या उजव्या हाताला, गाल आधीच लाल झालेले. शौली दाराजवळच्या मेजावर. त्याला कुणी बसवलं नव्हतं, तोच बसला होता, जिआंगसारखा. मी सारखी तिकडे बघत होते. बदकाचं मांस आलं, मासा आला, माशाचं डोकं माझ्याकडे वळवून ठेवलं, सगळे पेले उंचावून काहीबाही म्हणत होते आणि मी हो हो करत होते. मग तो उठला. सरळ माझ्याकडे यायला निघाला. दोन्ही हातांत मोठा झाकलेला वाडगा, आणि वाटेतले वाढपी बाजूला सरत होते. आमच्या घरात साठीची शेवई घरच्या धाकट्यानं वाढायची रीत आहे, मला माहीत आहे ते, मीही माझ्या बापाला वाढली होती. अख्ख्या वाडग्यात एकच लांब शेवई, ती उंच उचलून वाढायची, तोडायची नाही, तुटली तर आयुष्य तुटतं म्हणतात. हे सगळं मला माहीत होतं. तरी तो जवळ आला, माझ्या खांद्यापाशी उभा राहिला, जेवायच्या काड्या उचलल्या आणि त्याचा हात माझ्या डोक्यावर वर गेला, तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मी ओरडले. दोन्ही हात डोक्यावर घेऊन मान अशी खाली घातली, जशी कुत्री दगड दिसल्यावर घालतात.

वाडगा मेजाच्या कडेवर आपटला. रस्सा माझ्या मांडीवर नाही, त्याच्या मनगटावर सांडला. “शेवई तुटली,” कुणीतरी हळूच म्हणालं. मी डोक्यावरून हात काढायला गेले तर ते निघेनात. मग थांगथांगचा आवाज आला, स्वच्छ, शाळेत कविता म्हणतात तसा: “आजी, बाबा तुला मारतात?”

च्येनपिंगची खुर्ची मागे पडली. “शौली! माझ्या आत्यावर हात टाकतोस? आमचं खाऊन? तरीच बाई वाळत चालली होती महिनाभर!” यीनान उठू पाहत होती, पोट धरून, “नाही, नाही, तो कधीच,” पण तिचं कोण ऐकतं, नवऱ्याला पाठीशी घालते म्हणायचे. सगळी मेजं त्याच्याकडे बघत होती. आणि तो तसाच उभा, काड्या अजून हवेत, काड्यांवर शेवईचा तुटका तुकडा लोंबत होता, मनगट लाल होत चाललेलं. मला वाटलं आता. आता बोलेल, आता मेज उलटवेल. पण त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. हसू नव्हतं, राग नव्हता. तो वाट बघत होता, मी काय म्हणते त्याची. मला कळलं की मी काही म्हटलं नाही तरी चालेल. नुसती गप्प बसले तरी संध्याकाळपर्यंत त्याची पेटी दाराबाहेर असेल, बाळ लौच होईल, आणि रात्री मला झोप लागेल. सुंठीवाचून खोकला जाईल. तो एक शब्द बोलणार नव्हता, आणि बोलला असता तरी दाराजवळच्या मेजावरच्या माणसाचं कुणी ऐकलं नसतं. मला भीती वाटली. त्याची नाही, त्या गप्प बसण्याची, किती सोपं होतं ते.

“च्येनपिंग, बस खाली,” मी म्हटलं. आवाज फाटला होता. “त्यानं कधी हात उचलला नाही.”

“मग तू असं का केलंस, आत्या?”

“मी वाट बघत होते.”

“कशाची?”

“तो मारेल याची. त्याच्या जागी मी असते तर मारलं असतं.”

च्येनपिंग खुर्ची उचलून तिच्यावर बसला. माझे दात वाजत होते, एप्रिलची दुपार असून. शौलीनं काड्या खाली ठेवल्या, खिशातून रुमाल काढून मनगटाला गुंडाळला, आणि म्हणाला, “आई, दुसरी शेवई आहे. एक तुटली तर असावी म्हणून दोन केल्या होत्या. पहाटेपासून मळत होतो.” तो दाराजवळच्या मेजावरून दुसरा वाडगा घेऊन आला. माझ्यासमोर ठेवला, पण काड्यांना हात लावला नाही. “परवा मी गावी जातोय,” तो म्हणाला, त्याच खालच्या आवाजात, पण मान वर होती. “बाबांची कबर झाडायला. यीनान येईल, थांगथांगही येईल.” विचारत नव्हता. सांगत होता. सात वर्षांत पहिल्यांदा तो मला काहीतरी सांगत होता, आणि मी यीनानकडे पाहिलं तर ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

“आणि परत?” मी विचारलं. “परत येणार ना?”

त्यानं झाकण काढलं. वाफ आमच्या दोघांच्या मध्ये आली, त्याचं तोंड मला नीट दिसेना. “आधी खा, आई,” तो म्हणाला. “गार होईल.”

मग त्यानं काड्या उचलल्या. त्याचा हात पुन्हा माझ्या डोक्यावर वर गेला, शेवई लांबच लांब होत गेली, तुटली नाही. मी या खेपेला हात मांडीवर ठेवले आणि डोळे उघडे ठेवले. भीती होती तेवढीच होती.